रत्नाअक्कांच्या हौदातला रेडटेल

रत्नाअक्का मगदूम एकोणतीस वर्षं वारणानगरला दुधाच्या प्रयोगशाळेत होत्या. सकाळी गावोगावचं दूध यायचं आणि अक्का त्याची फॅट मोजायच्या. पाणी घातलेलं दूध आपल्याला नळीत भरतानाच कळायचं, आणि घालणाऱ्याचं तोंड बघितलं की त्याआधीच कळायचं, असं त्या सांगत. अशा बाईला एका मासेविक्यानं दोन इंचाचा मासा दाखवून फसवलं. मला ते अजून पचत नाही.

मी वर्षाराणी. अक्कांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. माझं कसबा बावड्यात कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, नवरा जोतीराम शिरोलीच्या फौंड्रीत आहे. घर बघायला आलो तेव्हा अक्कांनी एकच अट घातली होती. "आमी जैन मानसं. घरात वशाट न्हाय चालायचं. अंडंसुद्धा न्हाय." आम्ही मान डोलावली आणि ती अट पाळली. मटणाची आठवण झाली की रविवारी मोटरसायकल काढायची आणि माझ्या माहेरी, मुरगूडला जायचं. सहा वर्षं असं चाललं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. घर त्यांचं, रीत त्यांची.

चार वर्षांपूर्वी अक्कांच्या मुलानं, वृषभनं, काचेची टाकी आणली. तेव्हा तो घरूनच कंपनीचं काम करायचा. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून डोळे दुखतात, मासे बघितले की बरं वाटतं म्हणाला. तीन फुटांची टाकी, बोटाच्या पेराएवढे सहा गोल्डफिश, आणि त्यांच्याबरोबर एक काळा, बारका मासा. मिशा अंगापेक्षा लांब, तोंडापासून शेपटीपर्यंत पांढरा पट्टा, शेपटी पिकलेल्या मिरचीसारखी लाल. तोंड असं रुंद की सतत हसतोय असं वाटावं.

दुकानदार यशराज तिशीतला, दाढी कोरलेली, बोलायला गोड. त्यानं वृषभला सांगितलं होतं, "ह्यो रेडटेल कॅटफिश. टाकी जेवढी, तेवढाच वाढतो. दाणे खातो, एकदम शाकाहारी. आनि स्वभावानं लई गरीब."

यातलं एकही अक्षर खरं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी अक्का फुलं तोडून आत आल्या तर टाकीत गोल्डफिश नाहीत. त्यांना वाटलं मांजर शिरलं. मला हाक मारली. मी खाली गेले तर काळा मासा तळाशी पोट टेकून पडलेला. पोट सुपारी गिळल्यासारखं फुगलेलं. सहाच्या सहा एकाच रात्रीत गेले नसणार, रोज एखाददुसरा कमी होत होता, पण आमच्यापैकी कुणी मोजलेच नव्हते. वृषभनं दुकानात फोन लावला आणि अक्कांनी तो हातातून घेतला.

"तोंडात मावंल ते खानारच की काकी," यशराज फोनवर हसला. "मासा हाय त्यो."

"मग शाकाहारी म्हनालास ते?"

"दाने खातो म्हनालो. दाने घाला की."

अक्कांनी दाणे घातले. चार महिने स्वतःच्या हातानं, सकाळ-संध्याकाळ घातले. तो ओळखायला लागला होता. अक्का खोलीत आल्या की काचेला येऊन भिडायचा, मिशा हलवायचा. अक्का त्याच्याशी बोलायच्या. मग एक दिवस दाण्यांचं नवं पाकीट उघडताना त्यांना त्यावरची बारीक अक्षरं दिसली. प्रयोगशाळेतली सवय, छापलेलं काही असलं की वाचायचं. भिंग घेऊन बसल्या. पहिलाच शब्द होता फिशमील.

मी दुकानातून आले तेव्हा त्या ओट्याजवळ उभ्या होत्या, नळ सोडून नुसत्या हात धूत होत्या.

"सुकवलेल्या मासळीचं पीठ हाय ते, वर्षा," त्या म्हणाल्या. "चार महिनं ह्या हातानं घातलं मी. ह्याच हातानं सकाळी पूजा केली."

मला राग आला तो त्या पाकिटाचा नाही, त्या गोड बोलणाऱ्या तोंडाचा. त्याला माहीत होतं समोरचा माणूस मगदूम आहे, जैन आहे. 'शाकाहारी' हा शब्द त्यानं त्यासाठीच निवडला होता. एक मासा खपावा म्हणून.

दुसरं काही तो खाईना, म्हणून तेच दाणे मी घालायला लागले. मासा वाढत होता. टाकीला वाढता येत नव्हतं, त्याला येत होतं. वर्षभरात वीतभर झाला, मग हातभर. वृषभनं चार फुटांची टाकी आणली. तेवढ्यात त्याच्या कंपनीनं त्याला होसूरला बोलावलं. तो बॅगा भरून गेला. मासा राहिला. जाताना म्हणाला, "आई, कुनाला तरी देऊन टाक."

"तू आनलास. तू का न्हेत न्हाईस?"

"तिथं एक खोली हाय, आई. एवढी टाकी कुठं ठेवू?"

"मला विचारून आनलंतास?" अक्का म्हणाल्या. वृषभ बूट घालत राहिला.

अक्कांनी ओळखीत सगळ्यांना विचारलं. दोन इंचाचा असता तर दहा घरांनी नेला असता. दीड फुटाचा बघितला की माणसं म्हणत, "बाप रे," आणि चहा पिऊन निघून जात. एकानं विचारलं, चवीला कसा असतो? अक्कांनी त्याला चहासुद्धा पूर्ण पिऊ दिला नाही.

त्या पावसाळ्यात मासा खायचा बंद झाला. तोंड उघडं, पोटाला एका बाजूला टेंगूळ. अक्कांनी डॉक्टर हंबीररावांना फोन केला. ते गुरांचे डॉक्टर. वारणेला असल्यापासूनची ओळख, आता निवृत्त. ते आले, काचेपुढं गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"अक्का, म्हशीच्या पोटातनं मी तारा काढल्यात, चपला काढल्यात. पन ह्याला कापलं तर ह्यो वाचनार न्हाय. काय गिळलंय त्यानं?"

अक्कांनी टाकीतल्या वस्तू तपासल्या. पाणी गरम ठेवायच्या हीटरला काचेवर चिकटवायची रबरी वाटी असते. दोनपैकी एक नव्हती.

"असल्या माशाच्या टाकीत हे ठेवू नये, हे विकनाऱ्यानं सांगायला पायजे होतं," हंबीरराव म्हणाले. "थांबा. बहुतेक ओकून टाकंल. टाकलं न्हाई तर मग..."

तीन दिवस अक्का खुर्ची टाकून टाकीसमोर बसल्या. जपमाळ हातात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी माशानं दोन-तीनदा अंग आवळलं आणि ती वाटी बाहेर टाकली. अक्का जिन्यातून ओरडल्या, "वर्षाऽ! टाकलं गं टाकलं!" नातू झाल्यासारखा आनंद होता त्यांना. पण वाटी धुऊन हातात घेतल्यावर चेहरा बदलला. "हे जे त्याच्या पोटात गेलं, ते त्या दुकानातनंच आलंय," त्या म्हणाल्या. "मासाबी त्यानंच दिला, हीटरबी त्यानंच दिला. आनि दोन्ही एकत्र ठेवू नका एवढं चार शब्द बोलाय त्याची जीभ झिजत होती?"

आजारातून उठलेला मासा दाण्यांना तोंड लावेना. हंबीरराव म्हणाले, मासळी घालून बघा, निदान काही दिवस. त्या संध्याकाळी अक्का जिना चढून वर आल्या. गेल्या सहा वर्षांत भाडं घ्यायलाही त्या कधी वर आल्या नव्हत्या. दारातच उभ्या राहिल्या.

"वर्षा, तुला एक काम सांगायचंय. पन मला सांगायची लाज वाटतीया."

"सांगा की अक्का."

"बाजारातनं चिलापी आनशील? ताजी मेलेली. जिती नको. त्या दुकानात खायला घालायला जिते मासे मिळत्यात, ते मी न्हाय घालनार, त्यो मेला तरी." मग खाली बघून म्हणाल्या, "तुला सहा वर्षं न्हाय म्हनालो. आनि आता त्याला व्हय म्हनतोय. माझं चुकतंय, मला कळतंय."

मी त्यांचा हात धरून त्यांना आत बसवलं. खरं सांगू, एका क्षणाला माझ्याही मनात आलं होतं की आम्ही मोटरसायकल काढून मुरगूडला जायचं आणि या माशाला घरपोच! पण त्यांच्याकडं बघितल्यावर ते तिथंच विरलं. त्यांना झोप नव्हती. मासा उपाशी मारला तर ती हिंसा. खायला घातला तर दुसऱ्याची हिंसा. आणि या कात्रीत त्यांना अडकवणारा माणूस दुकानात एसी लावून बसला होता.

मी चिलापी आणली. आमच्या न्हाणीघरात कापली, चिमट्यानं घातली. अक्का त्या वेळी देवघरात बसायच्या. आठवड्यातून दोनदा, आणि चतुर्दशीला काही झालं तरी नाही. "त्या दिवशी त्याचाबी उपास," असा त्यांचा नियम. हंबीरराव म्हणाले, एवढ्या माशाला एखाद-दुसरा दिवस न खाल्ल्यानं काही होत नाही. मग त्या निर्धास्त झाल्या. काही महिन्यांनी अक्का आपणहून म्हणाल्या, "वर्षा, आता तुमीबी वर काय शिजवायचं ते शिजवा. मला तोंड न्हाई बोलायला." मी पुढच्या रविवारी मटण शिजवलं. खिडक्या लावून घेतल्या.

मासा अडीच फुटांचा झाला तेव्हा टाकीत त्याला वळता येईना. नाक काचेला घासून घासून सोललं होतं. वळायचं म्हणजे अंगाची घडी घालायची, आणि ती घडी मग तशीच राहायला लागली. पाठ वाकडी दिसायची. अक्का रोज अर्धी टाकी पाणी बदलायच्या. बासष्टाव्या वर्षी बादल्या उचलायच्या. नळाच्या पाण्यातलं ब्लीचिंग उडून जावं म्हणून आदल्या दिवशीच पाणी भरून ठेवायच्या, बाटल्यांत औषधाचे थेंब टाकून रंगावरून तपासायच्या. एवढं करूनही मासा हळूहळू चिरडला जात होता.

तेव्हा त्या यशराजच्या दुकानात गेल्या. मी बरोबर होते. भांडायला गेलो नव्हतो. अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुमी विकलाय, तुमी परत घ्या. पैसं नकोत. मोठी जागा असंल तिथं ठेवा."

"परत न्हाय घेत आमी, काकी."

"मग मी काय करू? तुमीच सांगा."

तो फोनमध्ये बघत म्हणाला, "रंकाळ्यात सोडा. सगळे सोडत्यात."

अक्कांच्या मागं काचेच्या टाकीत पंधरा-वीस रेडटेल होते, दोन-दोन इंचांचे, सगळे हसऱ्या तोंडाचे. वर चिठ्ठी, 'बेबी रेडटेल'. एक बाई आपल्या मुलीला ते दाखवत होती.

"रंकाळ्यातल्या माशांनी काय घोडं मारलंय तुझं?" अक्का म्हणाल्या. आवाज एवढा चढला की ती बाई वळून बघायला लागली. "त्यो तिथं जगला तर सगळं खाऊन टाकंल. आनि न्हाय जगला तर थंडीत त्योच मरंल. तुझा सल्ला काय तर कुनीतरी मरू दे, पन माझ्या दुकानात नको?"

"काकी, आवाज कमी करा. गिऱ्हाईक हाय."

"गिऱ्हाईक हाय म्हनूनच वाढवलाय!"

त्यानं दाराकडं हात केला. आम्ही बाहेर पडलो. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "सगळे सोडत्यात म्हनाला. म्हंजे त्याला माहीत हाय गं. विकतानाच माहीत असतंय."

त्याच दिवशी त्यांनी वृषभला फोन लावला. मी समोर होते. एवढ्या वर्षांत मुलाशी त्या अशा बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या. "दिवाळीला येशील तेव्हा फराळाला येऊ नकोस. कामाला ये. मागचा हौद मोकळा करायचाय."

घरामागं, पत्र्याच्या छपराखाली, जुना सिमेंटचा हौद होता. अक्कांच्या सासऱ्यांनी जनावरांसाठी बांधलेला, दहा फूट लांब, सहा फूट रुंद. त्यात मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे डबे भरलेले. वृषभ आला. चार दिवस त्यानं आणि जोतीरामनं हौद खरवडला, तडे बुजवले, पाणी भरून सोडलं, पुन्हा भरलं. निळ्या बॅरेलमध्ये स्पंज आणि खडी भरून पाणी गाळायची सोय केली. हीटर या वेळी भोकं पाडलेल्या जाड पाइपात घातले. वृषभचे तळहात सोलवटले होते. तो कुरकुरला नाही. एकदा फक्त म्हणाला, "आई, मला खरंच वाटलंतं त्यो तेवढाच ऱ्हाईल."

"तुला वाटलं न्हाय," अक्का म्हणाल्या. "तुला सांगितलं गेलं. पन तू दुसरीकडं इचारलं न्हाईस, एवढी तुझी चूक."

पाडव्याच्या सकाळी ओल्या चादरीची झोळी करून आम्ही चौघांनी मासा हौदात नेला. सोडल्यावर तो तळाशी तसाच पडून राहिला. मग हळूच पुढं गेला. पुढं गेला, आणि भिंत आली नाही. आणखी गेला. पलीकडच्या टोकाला जाऊन अंग न दुमडता वळला. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. मीही रडले.

पण अक्कांचं समाधान एवढ्यावर झालं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात त्या माझ्या दुकानात आल्या. "त्याचा फोटो काढ. त्यो जेवढा हाय तेवढाच छापायचा. एक इंच कमी न्हाय, एक इंच जास्त न्हाय."

मी म्हणाले, मासाच बॅरेलमधून दुकानात नेऊ, लोक बघतील. अक्कांनी हात उडवला. "त्याचा तमाशा न्हाय करायचा. भोगलंय तेवढं बास झालं."

आम्ही टेप लावून मोजला, एकतीस इंच. मी ओळखीच्या फ्लेक्सवाल्याकडून तेवढाच फोटो छापून घेतला. खाली यशराजच्या टाकीतल्या दोन इंचाच्या पिल्लाचा फोटो, तोही खऱ्या मापाचा. मजकूर अक्कांनी सांगितला: 'हा तोच मासा आहे. अजून वाढणार आहे. वीस वर्षं जगतो. मासे खातो. घरी नेण्याआधी विचार करा.' दुकानाचं नाव नाही, कुणाला शिवी नाही. तोच मजकूर छोट्या कागदांवर दोनशे प्रती.

रविवारी संध्याकाळी दुकान भरलेलं असताना अक्का आत शिरल्या आणि काउंटरवर फ्लेक्स उलगडला. तो काउंटरच्या कडेवरून खाली लोंबला. हातात प्लॅस्टिकची पिशवी घेतलेला एक गृहस्थ होता, पिशवीत दोन बेबी रेडटेल. तो फ्लेक्सकडं बघायचा, पिशवीकडं बघायचा.

"पावणं, किती फुटी टाकी हाय तुमची?" अक्कांनी विचारलं.

"दोन फुटी."

"मासा अडीच फुटाच्या वर जानार. मग कसं करनार?"

त्यानं यशराजकडं बघितलं. यशराज म्हणाला, "सगळेच काय एवढे व्हत न्हाईत, साहेब. काकी जरा..." आणि डोक्याजवळ बोट फिरवलं.

"एकोणतीस वर्षं दूध तपासलंय मी," अक्का म्हणाल्या. "लबाडी कशात मिसळलीया ते मला तुझ्यापेक्षा जास्त कळतंय. सांग की ह्यांच्यासमोर, केवढा व्हतोय ते. आकडा सांग."

यशराज आवाज चढवून म्हणाला, "काकी, धंद्यावर पाय देताय. बदनामीची केस टाकीन."

"टाक. ही वर्षा कोर्टाच्या दारातच बसती. तुझा अर्जबी तीच छापून देईल."

कुणीतरी हसलं. त्या गृहस्थानं पिशवी काउंटरवर ठेवली आणि निघून गेला. मी दारात कागद वाटत होते. दोन जणांनी वाचून खिशात घातले, एकानं चुरगळून टाकला. यशराजचा माणूस फ्लेक्स ओढायला आला तेव्हा अक्कांनी तो स्वतःच गुंडाळला आणि पुढच्या रविवारी पुन्हा नेला. त्याच्या पुढच्या रविवारीही.

केस काही झाली नाही. चौथ्या रविवारी टाकीवर चिठ्ठी लागली होती, 'मोठा होतो', मुंगीएवढ्या अक्षरात. अक्का म्हणाल्या, मोठा म्हणजे केवढा? महिन्याभरानं ती टाकीच रिकामी झाली. आम्हाला वाटलं, जिंकलो. मग कळलं की मागच्या खोलीत आहेत, फोन केला की देतो. गोड बोलून, तीच वाक्यं बोलून देतो. शहरात दुसरीही दुकानं आहेत. सगळ्यांना माहीत आहे, आणि माहीत असूनच विकतात. जो प्राणी तुमच्या घरात मावणार नाही, जो तुमच्याकडं वीस वर्षं जगणार आहे, तो पिशवीत बांधून देताना यांना काहीच कसं वाटत नाही?

अक्कांचा मासा आता तीन फुटांना आलाय. पाठ पूर्ण सरळ झाली नाही, होणारही नाही. पण नाकावर कातडी आलीय. अक्का हौदाच्या काठावर बसल्या की वर येतो. या हौदाची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती.

गेल्या महिन्यात पहाटे फाटकाशी खडखडाट झाला. मी खाली आले तोवर मोटरसायकलचा आवाज कोपऱ्यावरून गेला होता. फाटकाच्या आत रंगाची मोठी बादली होती. तिच्यात फूटभर लांबीचा एक रेडटेल, अंग वाकवून बसवलेला. पाणी गार, अर्ध्याहून कमी. बादलीवर आमचाच छापलेला कागद चिकटवला होता, दुसरं काही नाही. ना नाव, ना एक शब्द.

अक्का अनवाणीच रस्त्यावर गेल्या. "अरं, दार तरी वाजवायचं व्हतं! तोंड दाखवाय लाज वाटली, आनि बादली ठेवाय न्हाय वाटली?" त्या रिकाम्या रस्त्याला ओरडत होत्या. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि बंद झाली. "काय समजलायसा मला? गावाचा हौद हाय ह्यो?"

मग बादलीपाशी येऊन वाकल्या, पाण्यात बोट घातलं.

"एकदम हौदात सोडला तर मोठा ह्याला गिळंल," त्या म्हणाल्या. "जोतीरामला उठीव. हौदाच्या मधी तारेची जाळी उभी करायला पायजे. आनि त्याच्याआधी कोमट पानी आन गं, लवकर."